पूर्वेकडील खिडकी

आमचे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर नवेगावबांधच्या बाजूला आपल्या गावी राहून धानाची शेती पाहतात. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका दुपारी ते आमच्याकडे गोंदियास आले. नवतपा सुरू होता, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला होता, बाहेरच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या आणि कूलर आपल्या परीने घरघरत होता. आतल्या खोलीत एका फळीवर चहाच्या कपाएवढ्या सहा कुंड्या मांडलेल्या त्यांना दिसल्या. वर पांढरा दिवा जळत होता. प्रत्येक कुंडीत तळहातावर मावेल एवढे एक झाड, लवदार पानांचे, आणि मध्यभागी जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या फुलांचा लहानसा झुबका. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि विचारले, "भाऊ, हे कोणत्या कामाचं?"

ही आफ्रिकन व्हायोलेटची बुटकी जात आहे, असे आम्ही सांगितले. ते खाता येत नाही, त्याला वास नाही, त्याचे औषध होत नाही, हेही त्यांनी विचारल्यावरून कबूल केले. मग ते म्हणाले, "आणि तुम्ही दोघं आठ दिवस गावाला गेले तर?" या दिवसांत गेलो तर ते मरेल, असे आम्ही म्हणालो. "मग जे तुमच्यावाचून आठ दिवस जगत नाही, ते पोसायचा तुम्हांला हक्क काय?" एवढे बोलून ते हसले आणि त्यांनी ताकाचा पेला उचलला. त्यांना आता हा प्रसंग आठवतही नसेल. आमच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही, आणि पुढे आमच्या घरात जे घडले त्यानंतर तर तो अधिकच टोचू लागला. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम त्या फुलाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. नावात व्हायोलेट असले तरी युरोपातील खऱ्या व्हायोलेटशी त्याचे काही नाते नाही. ज्या कुलात ते मोडते त्याच कुलातील काही निळी फुले आपल्या सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात उगवतात. नात्याने पाहिले तर तीच त्याची चुलत भावंडे. मूळ घर आज ज्याला आपण टांझानिया म्हणतो त्या देशातील उसांबारा डोंगरांत व त्यांच्या परिसरात. तेथे दाट जंगलाच्या सावलीत, ओलसर खडकांच्या फटींत, शेवाळ्याच्या संगतीने ते वाढते. १८९२ साली हा मुलूख जर्मनांच्या ताब्यात असताना टांगा जिल्ह्याचे अधिकारी बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर यांच्या दृष्टीस ते पडले व त्यांनी ते जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठविले. हानोव्हर येथील हेरेनहाउझेनच्या राजोद्यानाचे प्रमुख हर्मन वेंडलँड यांनी १८९३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास सेंटपॉलिया आयोनांथा हे नाव दिले. (हे नाव वाचून प्रेषित पौलाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आमच्या धर्मग्रामातील एका भगिनींना झाला होता, संबंध केवळ आडनावाचा आहे.) २०१५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही स्वतंत्र प्रजातीही मोडीत काढून ते स्ट्रेप्टोकार्पस या मोठ्या प्रजातीत समाविष्ट केले. फुलाला अर्थात यातले काहीच ठाऊक नाही.

त्या पहिल्या रोपांच्या वंशजांचा विस्तार पुढे विलक्षण झाला. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेत त्यांची लागवड घरोघर पसरली, १९४६ साली तेथे केवळ याच फुलासाठी संस्था स्थापन झाली, आणि संकरांतून हजारो वाण निघाले. त्यांतच पुढे बुटके वाण आले. संपूर्ण वाढलेल्या झाडाचा पानांसह घेर सहा इंचांच्या आत राहिला तर त्यास बुटके म्हणावयाचे, सहा ते आठ इंच झाला तर निमबुटके, असा प्रदर्शनांतील दंडक आहे. जपानी बोन्साय मुळे व फांद्या छाटून लहान ठेवतात. झाड स्वभावाने मोठे असते, माणूस त्यास अडवून धरतो. या झाडाचे तसे नाही. त्याचे लहानपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने त्याच्या बीजातच उतरविलेले आहे. त्यास मोकळे सोडले तरी ते मोठे होणार नाही. आमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे खरे टोक येथे आहे. ते झाड दुबळे आहे हे खरे, पण ते दुबळे जन्मास आले नव्हते. आमच्यासारख्या लोकांना खिडकीत मावेल असे काही हवे होते म्हणून ते तसे झाले.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. रानात या फुलात मध नसतो. पिवळ्या परागकोशांत फक्त पराग असतो. मधमाशी फुलास बिलगून पंखांचे स्नायू थरथरविते, त्या गुंजारवाने परागकोश हलतो आणि पराग बाहेर पडतो. आमच्या खोलीत ती माशी नाही. त्यामुळे ही फुले वर्षभर उमलतात आणि बी न धरताच गळून जातात. नवे झाड हवे असेल तर आम्हीच एक पान देठासह तोडावयाचे, देठ तिरपा कापावयाचा, ओल्या भुशात खोवावयाचे आणि वाट पाहावयाची. तीनचार आठवड्यांत मुळ्या फुटतात, दोनतीन महिन्यांत पानाच्या पायथ्याशी उंदराच्या कानाएवढी पिले दिसू लागतात, आणि फूल यावयास आणखी सहा महिने तरी जातात. म्हणजे त्यांचा वंश चालविणेदेखील आमच्या हाती आलेले आहे.

ज्यांना लागवडीची हौस आहे अशा वाचकांसाठी आमच्या जिल्ह्यात हे झाड कसे जगवावे तेही सांगतो, कारण विचार कितीही उंच गेला तरी झाड कुंडीतच असते. माती म्हणून शेतातली काळी माती कदापि घालू नये. तिने मुळांचा श्वास कोंडतो. नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा आणि त्यात जवळजवळ तितकेच पर्लाइट, एवढे पुरते. कुंडी दोन ते अडीच इंचांची. मोठी घेतली तर झाड सुखावत नाही, कुजते. पाणी वरून ओतू नये. नायलॉनची एक दोरी कुंडीच्या बुडातील छिद्रातून खालच्या डबीतील पाण्यात सोडावी. दिव्याच्या वातीत जसे तेल वर चढते तसे पाणी चढते आणि झाड हवे तेवढेच घेते. आमच्याकडच्या नळाचे पाणी जड, त्याचे पांढरे क्षार कुंडीच्या काठावर साचून देठ करपतात; म्हणून आम्ही पावसाचे पाणी साठवून वापरतो. गार पाणी पानावर पडले तर कायमचा डाग उरतो. पावसाळ्यात मात्र वात काढून घ्यावी, नाहीतर गाभाच सडतो. पहिल्या वर्षी आमची चार झाडे उन्हाने नव्हे, श्रावणातील ओलीने गेली. ऊन सकाळचे, पूर्वेच्या खिडकीतून गाळून आलेले. उन्हाळ्यात खिडकी बंद करावी लागते तेव्हा बारा तास दिवा. हवा अठरा ते सत्तावीस अंशांत असावी असे पुस्तके सांगतात. गोंदियात एप्रिल ते जून हे वाचून हसू येते, पण आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या फळीवर, कूलरच्या ओलसर हवेत ते तिशीपर्यंत तग धरते. बगलेत फुटणारे फुटवे चिमट्याने काढावे. सहा महिन्यांनी कुंडीतले मिश्रण बदलावे. आणि दर तीन दिवसांनी प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवावी. नाहीतर झाड उजेडाकडे झुकते आणि एका अंगाने वाढते.

या सगळ्याची आम्ही एक वही ठेवली होती. तारीख, पाणी, वळसा, खत, फूल. शिक्षकी पेशातल्या माणसांना वहीवाचून काही करता येत नाही.

आता प्रश्नाकडे वळू. जे झाड कोणत्या कामाचे नाही, ते पोसण्यात कालहरण आहे की आणखी काही? आपल्या परंपरेतील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांची या बाबतीतील मांडणी सरळ आहे: वनस्पती प्राण्यांच्या उपयोगासाठी, प्राणी माणसाच्या उपयोगासाठी, त्यांचा वापर करण्यात पाप नाही. या हिशेबाने आमच्या सहकाऱ्यांचा हक्काचा प्रश्नच उद्भवत नाही. झाड आमचे, ते जगले काय आणि मेले काय. परंतु याच परंपरेत असिसीचे संत फ्रान्सिसही आहेत. मठाच्या बागेतला एक भाग न नांगरता रानफुलांसाठी राखून ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रकात त्या बागेची आठवण काढून असे प्रतिपादन केले की प्रत्येक निर्मितीला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे. हे दोन विचार आम्हांस परस्परविरोधी वाटत नाहीत. पण ते एकाच झाडाला लावू गेले की अडचण होते. कारण न नांगरलेल्या कोपऱ्यातले फूल मोकळे असते. आमचे फूल मोकळे नाही. त्याला स्वतःचे मोल असेल तर त्या मोलाचा मान राखावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? रानात नेऊन सोडावयाचे? नागझिऱ्याच्या जंगलात ते एक दुपारही काढणार नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने एक वेगळी वाट दाखविली आहे. १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात तो म्हणतो की निर्जीव वा मूक सृष्टीप्रत आपले प्रत्यक्ष असे कर्तव्य नाही. परंतु सुंदर वस्तूचा उगाच नाश करण्याची सवय लागली तर माणसाच्या ठायी नीतीला पोषक असा जो कोमल भाव असतो तो क्षीण होतो, आणि म्हणून ते आपले स्वतःप्रत कर्तव्य ठरते. हाच विचार उलटा करून आपण नेहमी बोलत असतो. जो फुलांची काळजी घेतो तो माणसांची घेईल. मुलांना झाडे लावावयास सांगा म्हणजे ती दयाळू होतील. आम्ही स्वतः शाळेत हे किती वेळा सांगितले असेल! आमच्या मराठीने तर रेव्हरंड टिळकांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणून दोन्हींची एकाच समासात गाठ घालून टाकली आहे. (ज्या लोहमार्गावरून टिळक राजनांदगावच्या नोकरीवर जात असत तो आमच्या गोंदियावरूनच जातो, याचा आम्हांस थोडा अभिमान आहे, असो.) ही समजूत आम्ही इतकी वर्षे पडताळून न पाहताच बाळगली होती. ती पडताळून पाहण्याची वेळ आली ती अशी.

आमच्या आई वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी पडल्या आणि त्यानंतर अंथरुणातून उठल्या नाहीत. घरातली सर्वांत थंड खोली तीच, पूर्वेच्या खिडकीची. तेव्हा त्यांचा पलंग तेथे टाकला आणि कुंड्यांची फळी त्यांच्या पायांकडे आली. आईंना ही झाडे कधीच आवडली नव्हती. त्यांनी जन्मभर सांदवाडीत वाल, कारली, चवळी लावली होती. झाडाने ऊन सोसले पाहिजे आणि काहीतरी दिले पाहिजे असे त्यांचे सरळ मत होते. "ह्याले ना वास, ना शेंग," असे त्या म्हणत, आणि आम्ही कुंड्या फिरवीत असलो की भिंतीकडे पाहत.

डॉक्टरांनी बजावले होते की दर दोन तासांनी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवा, रात्रीसुद्धा. दिवसा ते होत असे. रात्री अकरानंतर आमच्यापैकी एकाने उठावयाचे ठरले होते. पण आम्हीही सत्तरीकडे झुकलेलो, गजर वाजे, बंद होई, आणि आईंनी हाक मारली नाही म्हणजे त्यांना झोप लागली असेल असे आम्ही स्वतःला समजावीत असू. दोन महिन्यांनी त्यांच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला, आणि आठवड्याभरात तेथे जखम झाली.

तिची मलमपट्टी करण्यासाठी देवरीकडच्या एक परिचारिका ताई रोज येऊ लागल्या. वयाने आमच्या विद्यार्थिनींच्याही विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या. तिसऱ्या का चौथ्या दिवशी फळीवरची वही त्यांच्या हाती लागली. त्यांनी पाने चाळली: तारीख, पाणी, वळसा. एकही दिवस चुकलेला नव्हता. त्यांनी वही होती तेथे ठेवली आणि विचारले, "आजीची वही कुठं आहे?"

आईंची वही नव्हती. त्या मुलीच्या स्वरात टोमणा नव्हता. रुग्णाची नोंदवही घरात असेल असे तिला खरोखर वाटले होते. त्यामुळेच आम्हांस उत्तर सुचेना.

त्या रात्री आम्ही दोघे जो विचार करीत बसलो तो येथे थोडक्यात मांडतो. कांटच्या वाटेने जाणाऱ्यांची समजूत अशी की काळजी घेणे हा एक गुण आहे, तो लहानावर गिरवला की मोठ्यावर आपोआप उमटतो. आमच्या घरात तो उमटला नाही. दर तीन दिवसांनी पाव वळसा न चुकता देणारे तेच हात, त्याच खोलीत, तीन फुटांवर, दोन तासांचा वळसा चुकवीत होते. झोप हे कारण खरे, पण पुरेसे नाही. रात्री वीज गेली तर कुंड्यांवर ओला कपडा टाकावयास आम्ही उठत होतो. मग फरक कोठे होता? आम्हांस वाटते, तो या झाडाच्या लहानपणात होता. झाड आमच्याकडे पाहत नाही. आम्ही तरुणपणी कसे वागलो हे त्याला आठवत नाही. त्याच्या गरजा सहा ओळींत लिहिता येतात आणि त्या पुऱ्या केल्या की ते फूल देते, तेही ठरल्या मुदतीत. आईंना कितीही वळवले तरी त्या बऱ्या होणार नव्हत्या. त्या वळवताना कण्हत, कधी रागावत, कधी आमच्याकडे अशा पाहत की आमचे हात जड होत. झाडाच्या सेवेत आम्हांस आमचे यश दिसे. आईंच्या सेवेत आमची मर्यादा दिसे. आणि माणूस, तो कितीही मिस्सेला जाणारा असला तरी, जेथे आपले यश दिसते तेथे लवकर उठतो.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने अवधान या गोष्टीला नीतीच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. दुसऱ्याकडे, तो जसा आहे तसा, स्वतःला बाजूस ठेवून पाहणे; तिच्या मते दुःखी माणसाला दुसरे काही नको असते. या कसोटीवर आमची झाडांची वही घासून पाहिली तर ती अवधानाची वही नव्हे. ती नियमितपणाची वही होती. त्यात आम्ही झाडाकडे नव्हे, आमच्याच नेटकेपणाकडे पाहत होतो. हे लिहिताना लाज वाटते. पण पुढे असेही म्हटले पाहिजे की नियमितपणा ही काही तुच्छ गोष्ट नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्ही आईंची वही घातली. तारीख, वेळ, कूस, पाणी, जखमेचा आकार. तीच रेघोट्यांची पद्धत, तीच शाई. त्या वहीने आम्ही उठू लागलो. प्रेमाने उठत होतो की रिकाम्या रकान्याच्या धास्तीने, हे आम्हांस आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. जखम पुरती भरली नाही, पण वाढलीही नाही. म्हणजे झाडांपासून काहीच शिकता येत नाही असे नव्हे. शिकता येते, पण ते उचलून पलीकडच्या पलंगापर्यंत न्यावे लागते, आणि ती तीन फुटांची वाट कोणीतरी दाखवावी लागते.

आमचे धानवाले मित्र त्या पावसाळ्यात आईंना भेटावयास आले. बोलता बोलता सारसांचा विषय निघाला. महाराष्ट्रात सारस क्रौंच आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि आसपास थोडेच उरले आहेत हे वाचकांस ठाऊक असेल. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीतच गवत-काड्यांचा ढीग रचून घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि नरमादी मिळून महिनाभर ती उबवितात. आमच्या मित्रांच्या शेजाऱ्याच्या बांधीत असे घरटे झाले होते. त्याने काय केले? काही केले नाही. तेवढा तुकडा निंदला नाही, त्या बाजूने गुरे नेली नाहीत, पोरांना जाऊ दिले नाही. "जपणं म्हणजे तिकडे न जाणं," असे मित्र म्हणाले. कोहळी पूर्वजांनी बांधलेल्या तलावांच्या त्या मुलखात पाण्याची आणि पाखराची अशी समजूत अजून शिल्लक आहे.

तेव्हा आम्हांस प्रथम स्पष्ट झाले की जपणे या एकाच क्रियापदात दोन अगदी विरुद्ध कर्तव्ये दडलेली आहेत. एक दूर राहण्याचे, दुसरे जवळ जाण्याचे. उसांबाराच्या डोंगरातील मूळ झाडाला पहिले हवे आहे. तेथील जंगल लाकडासाठी आणि शेतीसाठी तुटत गेले, आणि ज्यांचे वंशज जगभरच्या खिडक्यांत लाखोंनी आहेत त्यांच्या काही रानटी जाती आज नष्ट होण्याच्या काठावर आहेत. खिडकीतल्या लाखो कुंड्यांनी त्या कड्यावरच्या एका रोपाची भरपाई होत नाही. ती कड्याची आहेत, या खिडकीच्या. आमच्या बुटक्या झाडाला मात्र दुसरे हवे आहे. त्याच्यापासून दूर राहणे म्हणजे त्याला मारणे. "हक्क काय?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही एवढेच म्हणू शकतो की हक्क बहुधा नव्हताच, पण ते आता घरात आहे, आणि ज्या परावलंबनाचा लाभ आपण घेतला त्याचे देणेही आपल्याकडेच येते. जगदीशचंद्र बोस यांनी झाडे आघाताला प्रतिसाद देतात हे यंत्राने दाखविले होते. तो प्रतिसाद म्हणजे वेदना असे सिद्ध झालेले नाही, आणि आमचा मुद्दा वेदनेवर अवलंबूनही नाही. ऋण हे ऋणकोच्या बाजूने पाहावयाचे असते.

यावर कोणी म्हणेल की मग आईही घरातल्या परावलंबी, आणि देणे तसेच. नाही. येथे आम्ही एकदा घसरलो होतो म्हणून सांगतो. वही नीट चालू लागल्यावर आम्ही आईंशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागलो होतो. "आता बाई वळणार, आता बाई पाणी पिणार." एके सकाळी त्यांनी हात झटकला आणि त्या म्हणाल्या, "मी तुले वाढवलं." तीनच शब्द. झाड बीजातच लहान झालेले आहे. आई लहान झालेल्या नव्हत्या, फक्त अंथरुणाला खिळलेल्या होत्या. ज्याची सेवा करावयाची त्याला आपल्या सोयीच्या मापाचे करून घ्यावे, हा मोह सेवा करणाऱ्याला फार होतो. कुंडी लहान घेतली की झाड हाताळावयास सोपे जाते, हे आमच्या हातांना ठाऊक झालेले होते.

शेवटच्या महिन्यांत आईंनी आपण होऊन एक कुंडी जवळ मागितली. फुलासाठी नव्हे, वाळलेल्या पाकळ्या तशाच राहिलेल्या त्यांना बघवत नव्हत्या. त्या बोटांनी हळूहळू वेचीत. एकदा बोट कापले आणि एक चांगले पान देठासकट तुटले. त्या ओशाळल्या. आम्ही ते पान भुशात खोवले. त्याला पिले फुटली तेव्हा त्या पाहावयास होत्या. फुले आली तेव्हा नव्हत्या.

त्या पानाची तीन रोपे झाली. एक परिचारिका ताईंना दिले. वात कशी घालावी, पाणी कसले द्यावे, हे सगळे कागदावर लिहून दिले. पुढच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला की झाड गेले. नवतप्यात दोन दिवस वीज नव्हती आणि त्या नागपूरला दुसऱ्या एका रुग्णापाशी होत्या. आम्ही म्हणालो, वाईट वाटून घेऊ नका, दुसरे देतो, पिले तयार आहेत.

"नको, काकू," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी कूलर नाही, आणि मी महिना महिना बाहेर असते. त्याला तिथं ठेवणं बरं नाही." थोडे थांबून त्यांनी विचारले, "आजीच्या वालाचं बी आहे का हो तुमच्याकडं?"

कपाटात एका डब्यात ते होते. राखेत घोळून ठेवलेले, आईंच्याच हातचे. उगवेल की नाही याची खात्री नव्हती, तसे आम्ही सांगितले. पावसाळा लागण्यापूर्वी त्या येऊन अर्धे घेऊन गेल्या.